टेकचंदची संधी

टेकचंद तुरकर गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याचेच नाव लिहीत होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता गोंदियाच्या वाचनालयात आमची व्याख्यानमाला भरते. तिची जाहिरात मी दर खेपेला स्वतःच्या हाताने लिहितो आणि ती स्टेशनच्या फाटकावर, धानाच्या बाजारात आणि बिडी कारखान्यांच्या दारांवर लागते. 'वक्ते : श्री. टेकचंद तुरकर. विषय : जाणाऱ्याची नीती.' इंग्रज आता जाणार हे सगळ्यांच्या तोंडी होते. आपल्याला काय मिळणार यावर जो तो बोलत होता. टेकचंदला मात्र जाणाऱ्याने जाताना काय करून जायला हवे यावर बोलायचे होते. त्याच्या नावातला शेवटचा 'र' लिहून मी टाक उचलला आणि मालधक्क्यावरचा त्याचा सोबती दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, टेकभाऊ गेले. सकाळी आंघोळ करून बसले, अना बसल्या जागीच…"

शाई अजून ओली होती. मी तिच्यावर टीपकागद दाबला. त्या क्षणी माझ्या मनात काय आले ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे, म्हणून ते आधीच लिहून टाकतो. मनात आले की आता या रविवारी मला बोलावे लागेल. आणि पाठोपाठ आले, की लोक पुष्कळ येतील… दुःख त्यानंतर आले. आले ते खरे होते, पण ते तिसरे आले.

आम्ही दोघे एकाच वयाचे, पन्नाशीला टेकलेले. मी इथल्या शाळेत मास्तर, नागपुरात शिकून बी. ए. झालेला. तो स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून. मॅट्रिकला दोनदा बसून सोडून दिलेला, फुलचूरच्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा. घरात पोवारी बोलायचा, शेतात झाडीबोली, धक्क्यावर हिंदी, आणि व्याख्यानात या सगळ्यांत मिसळलेली मराठी. पंचवीस वर्षांत मी त्याला कधी अहो म्हटले नाही आणि त्याने मला कधी अरे म्हटले नाही. हे चूक आहे असे तेव्हा दोघांनाही वाटले नाही. निदान मला तरी वाटले नाही.

व्याख्यानमाला सुरू केली ती आमच्या इथल्या एका वकीलसाहेबांनी, पहिले महायुद्ध संपल्यावर. त्यांचा नियम एकच होता. कोण जिंकले, कोण हरले, कोणी किती मुलूख घेतला, हे वर्तमानपत्र सांगेल. इथे उभे राहून एवढेच बोलायचे की राष्ट्राराष्ट्रांत जे झाले ते रास्त झाले का. रेल्वेच्या फाट्यावरच्या गावात, जिथे लोक धानाचा भाव आणि गाडीची वेळ यांपलीकडे फारसे बोलत नाहीत, तिथे ही माला एक वर्ष चालेल असे कोणाला वाटत नव्हते. ती अजून चालू आहे. मी पहिल्या दिवसापासून तिचा चिटणीस. प्रत्येक व्याख्यानाचा वृत्तांत एका जाड वहीत लिहून ठेवणे हे माझे काम, आणि वर्षातून तीन-चारदा स्वतः बोलणे हेही. पहिली दोन वर्षे माझ्यापेक्षा चांगला वक्ता मालेला नव्हता. हे मी म्हणत नाही, वकीलसाहेब म्हणत.

टेकचंद प्रथम आला तो श्रोता म्हणून. धक्क्यावरून सुटून सरळ आलेला, हातात वॅगनचे नंबर मांडायची पाटी. तो दाराजवळ जमिनीवर बसला. मी त्या दिवशी युरोपातल्या मोठ्या तहावर बोलत होतो. चांगला तास-सव्वा तास बोललो, कलमे पाठ म्हणून दाखवली. शेवटी वकीलसाहेबांनी विचारले, कोणाला काही शंका? तेव्हा हा उठला. "मास्तर, एक इचारू का? जो हारला, त्याले तिथं बसाले जागा देल्ली होती का? का त्याले नुसता सही कराले बलावलं?"

मला ठाऊक नव्हते. इतक्या कलमांत मी कुठे खुर्च्या शोधल्या नव्हत्या. पुढच्या वेळी पाहून सांगतो म्हणालो. वकीलसाहेब मात्र टेबलावर हात आपटून हसले आणि त्याला म्हणाले, पुढच्या वेळी तूच बोल. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितले की माणूस मॅट्रिकसुद्धा नाही. ते म्हणाले, "अहो, म्हणूनच तर."

महिनाभराने तो बोलला. पुढ्यात कागद नव्हता. ती मालधक्क्याची पाटी टेबलाला टेकवून ठेवलेली, तिच्यावर खडूने चार-पाच शब्द. तो राष्ट्रसंघावर बोलेल असे जाहीर केले होते, आणि तो सुरू झाला त्याच्या गावच्या तलावापासून. तलावाचे पाणी बांध्यांना, म्हणजे धानाच्या खाचरांना, वाटायची बैठक बसते, तेव्हा सगळ्यांत शेवटच्या बांधीवाला येऊन बसेपर्यंत पाणी वाटणारा पाणकर बोलायला सुरुवातच करत नाही. "काऊन?" असे विचारून तो थांबला. हे त्याचे काऊन पुढे साऱ्या गावाला पाठ झाले. "काऊन का त्याच्या बांधीत पानी पोचलं, म्हंजे मंधातल्या सबन बांध्याईत पोचलं. मनून त्याले पयले इचारते." मग तिथून तो जिनिव्हाला गेला, आणि तिथे शेवटच्या बांधीवाला कोण, तो आला आहे का, नसेल तर बैठक कोणी सुरू केली, असे विचारत विचारत आम्हाला घेऊन गेला. मध्येच बाहेर इंजिनाने शिट्टी दिली. वाचनालय रुळांना लागून; आम्ही सगळे वक्ते इंजिनाच्या वरताण ओरडत असू. तो ओरडला नाही. ज्या शब्दावर शिट्टी झाली त्या शब्दावर थांबला, शिट्टी संपू दिली, आणि नेमका त्याच शब्दापासून पुढे निघाला.

आता मला कात्र्यांविषयी सांगितले पाहिजे. आमच्या सभेला मागच्या बाजूला बिडी कामगार येत, बाया येत. सुपात तेंदूची पाने, मांडीवर कात्री. ऐकता ऐकता पाने कापत राहायची, बिड्या वळत राहायच्या; रविवार असला तरी हात थांबवून त्यांना चालत नसे. माझ्या प्रत्येक व्याख्यानात त्या कात्र्यांची बारीक किरकिर सतत चाललेली असे आणि मला तिची सवय झाली होती. सभेचा तो आवाजच आहे असे मी धरून चाललो होतो. टेकचंदच्या त्या पहिल्या भाषणात, तो जिनिव्हाला पोचला तेव्हा माझ्या एकदम ध्यानात आले की खोलीत शांतता आहे. कात्र्या थांबल्या होत्या. कोणी ठरवून थांबवल्या नव्हत्या, हात आपसूक थांबले होते… त्या दिवसापासून आजतागायत मी माझ्या प्रत्येक भाषणात कात्र्या ऐकत आलो आहे. तोंडाने राष्ट्रांच्या नीतीवर बोलायचे आणि कानाने मागच्या रांगा ऐकायच्या. कधी एखादी थांबे, दोन थांबत. सगळ्या कधीच थांबल्या नाहीत.

बाहेर काढलेले जोडे मोजायचीही मला सवय लागली. पण तिथेही माझे समाधान होईना, कारण त्याच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांच्या पायांत काही नसेच.

त्या पहिल्या भाषणाच्या दिवशीच मी वहीत लिहिले, 'श्री. टे. तुरकर यांचे भाषण झाले. उपस्थिती समाधानकारक.' एवढेच. त्याआधीच्या पानांवर माझ्या तहावरच्या भाषणाचा वृत्तांत होता. तो आठ पाने होता. मी स्वतःला सांगितले की नवा माणूस आहे, विस्कळीत बोलतो, याचा वृत्तांत लिहायचा कसा? पुढच्या खेपेलाही तेच सांगितले. मग सांगायची गरज राहिली नाही. हात आपोआप ती ओळ लिहू लागला. तो वर्षातून तीनदा बोले, कधी चारदा. हबशांच्या देशावर इटलीने स्वारी केली तेव्हा तो असा बोलला की पाने भिजवायला आणलेले पाणी तसेच राहिले आणि पाने वाळून गेली, असे एक बिडीवाली बाई अजून सांगते. वहीत त्या दिवशीही भाषण झाले आणि उपस्थिती समाधानकारक होती.

बोलून झाले की तो पाटी तळहाताने पुसून टाकी. एकदा मी त्याला म्हणालो, अरे, ते शब्द तरी उतरून ठेवत जा. तो हात धोतराला पुसत म्हणाला, "उद्या धक्क्यावर कोरी पाटी लागते, मास्तर. अना तुमी लिहून राहिले ना."

हे तो थट्टेने म्हणाला की खरेच म्हणाला, हे मी कितीदा स्वतःला विचारले आहे. वही टेबलावर उघडी पडलेली असे, कोणीही पाहावी. काही वर्षांनी एकदा मी आत पाणी प्यायला गेलो आणि परत आलो तर तो वहीवर वाकलेला. पान त्याच्याच भाषणाचे होते. मी दारातच उभा राहिलो. त्याने मान वर केली आणि म्हणाला, "तुमचं अक्षर मोठं सुंदर हाय." मग छत्री घेऊन फुलचूरच्या वाटेला लागला. पुढच्या खेपेलाही त्याने बोलून झाल्यावर पाटी पुसलीच.

त्याचा स्वभाव गोड होता असे मात्र कोणी समजू नये. त्याची जीभ तिखट होती. मी एकदा इंग्रजीतले चार उतारे लागोपाठ वाचले, तर खाली बसल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, आज तुमी घरी होते का नाही? सबन पाहुनेच बोलून राहिले होते." मला राग आला. तो राग मी आठ दिवस जपला. आणि मग पुढच्या भाषणात एकही उतारा घेतला नाही, आणि ते भाषण जरा बरे झाले, याचाही राग आला.

आता एका रविवाराविषयी. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीचे वर्ष. युरोपातल्या चार बड्या सत्तांनी एकत्र बसून एका लहान देशाचा लचका तोडून दुसऱ्याच्या पदरात घातला, आणि ज्याचा मुलूख तो देश बाहेर ताटकळत राहिला. टेकचंदने विषय मागून घेतला होता. त्या जुन्या खुर्चीच्या प्रश्नाचे उत्तर त्याला अखेर मिळाले होते. वकीलसाहेब तोवर वारले होते, त्यामुळे अध्यक्षाच्या जागी मी होतो. खोली भरून लोक ओट्यावर उभे. तो रंगात आला होता आणि म्हणाला, "त्या चौघाईनं जे संधी केली…" तिथे मी त्याला अडवले.

अध्यक्षाला अडवायचा अधिकार होता. मी तो इतक्या वर्षांत क्वचित वापरला होता. मी म्हणालो, "टेकचंद, तुला तह म्हणायचे आहे. संधी म्हणजे सवड, मोका. तह हा अर्थ हिंदीतला. मराठीत बोलतो आहेस, तर मराठीत बोल." पुढच्या रांगेतले वकील, मास्तर मंडळी हसली. मला हवे होते तसेच हसली. तेवढ्यात इंजिनाने शिट्टी दिली. टेकचंद नेहमीप्रमाणे थांबला, हात पाटीवर, मान खाली. शिट्टी लांबली. मला वाटले, आता हा चुकला, आता याचा धागा तुटला.

शिट्टी संपली. तो म्हणाला, "संधी." अगदी त्याच शब्दापासून. "मास्तर सही बोलून राहिले. मराठीत संधी म्हंजे मोका, हिंदीत संधी म्हंजे तह. आपल्या गोंदियात दोनी चालते. पन पाहा… संधी कराले दोघं बसते, तवा एक हिंदीत बसते, एक मराठीत. हारलेल्याले वाटते, तह होऊन राहिला. जितलेल्याले वाटते, मोका भेटून राहिला. शब्द एकच हाय. मनून दोघंई सही करते."

एकही कात्री वाजत नव्हती. पुढच्या रांगाही हसायच्या थांबल्या होत्या. मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसून ऐकत होतो आणि मला कळत होते की माझ्या इतक्या वर्षांच्या भाषणांतून, बी. ए.च्या साऱ्या पुस्तकांतून इतके सरळ वाक्य निघाले नाही, निघणार नाही. आणि ते निघाले होते मी त्याला पाडायला गेलो म्हणून. दोन भाषांच्या सांध्यावर वाढलेल्या माणसालाच सुचावे असे ते होते. त्याची चूक ज्या जागी होती, त्याच जागी त्याला तो अर्थ सापडला.

घरी जाऊन मी वही उघडली. 'श्री. टे. तुरकर यांचे भाषण झाले. उपस्थिती समाधानकारक.'

काही महिन्यांनी नागपूरच्या एका मासिकाने माझ्याकडे लेख मागितला. मी तहांच्या नीतीवर लिहिले. लिहिता लिहिता ते वाक्य आले. मी त्याला स्वच्छ केले. हिंदी काढली, गोंदिया काढले, बसणारे दोघे काढले. उरले ते असे : 'दुबळ्याचा तह ही बलवानाची संधी असते.' आमच्या गावचे एक गृहस्थ असे म्हणतात, असे आधी घालावे की नाही याचा मी विचार केला. एक सबंध दुपार केला. मग वाटले, त्याने तर झाडीबोलीत काहीतरी सांगितले होते, हे वाक्य माझेच आहे… वहीत कुठे आहे त्याचे काही? ती वही मीच लिहिली होती, हे तेव्हा सोयीस्करपणे आठवले नाही.

ते वाक्य गाजले. नागपूरच्या दोन व्याख्यात्यांनी ते माझ्या नावानिशी उचलले. आयुष्यात पहिल्यांदा मला अनोळखी माणसांची पत्रे आली. आणि मालेला वीस वर्षे झाली तेव्हा समितीने ठरवले की वक्त्याच्या डोक्यावरच्या भिंतीला ते वाक्य मोठ्या फलकावर रंगवून लावायचे. खाली माझे नाव, त्यापुढे बी. ए. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही.

फलक भिंतीवर चढवून मग जागेवरच रंगवला. रंगारी हिंदी भाषिक होता. त्या दिवशी टेकचंद धक्क्यावरून सुटून आला, आणि शिडी डुगडुगते आहे असे पाहून ती धरून उभा राहिला. मी खुर्चीवर बसून पाहत होतो. रंगाऱ्याने पहिला शब्द 'दुबल्याचा' असा लिहिला. माझ्या लक्षातही आले नाही. टेकचंद खालून म्हणाला, "भैया, ल नहीं, ळ. वो मराठी का अक्षर है, अलग होता है." आणि पाटीवर खडूने काढून दाखवला. ज्याच्या गावात ळ कोणाच्या तोंडून नीट निघत नाही, त्या माणसाने शिडी धरून स्वतःच्या वाक्यातला ळ दुरुस्त करून घेतला आणि ते वाक्य माझ्या नावावर लागू दिले. तो ळ अजून बाकी अक्षरांपेक्षा जाड दिसतो; खालच्या ल वरून दोन हात द्यावे लागले. त्या फलकाखाली उभा राहून तो पुढे सात वर्षे बोलला. एकदाही मान वर करून त्याने तिकडे पाहिले नाही. मी एकदाही त्याच्याकडे पाहून बोललो नाही.

त्याच्या शोकसभेत मी त्याच फलकाखाली उभा होतो. तो निःस्वार्थी होता, सेवाभावी होता, असे कोणाविषयीही बोलता येईल तेच बोललो. मागे कात्र्या वाजत नव्हत्या, कारण त्या दिवशी कोणी सूप आणलेच नव्हते. मी थांबलो तेव्हा ती पाने वाळल्याची गोष्ट सांगणारी बाई उठली. तिने विचारले, "मास्तर, टेकभाऊचं बोलनं तुमच्या वहीत असन ना? आमाले वाचता नाही येत. एखांदं वाचून दाखवा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, वही बांधणीला दिली आहे. ती माझ्या पाठीमागच्या कपाटात होती. किल्ली माझ्या खिशात होती.

पुढच्या आठवड्यात मी फुलचूरला गेलो. समाचाराला जातो असे घरी सांगितले. खरे तर मी त्याचे कागद शोधायला गेलो होतो. कुठेतरी एखादी वही, एखादा चिटोरा निघावा आणि माझी सुटका व्हावी. वहिनींनी चहा दिला. मी विचारले तर म्हणाल्या, कागद कुठले, ते तर पाटीवर लिहीत आणि पुसत. मग आत गेल्या आणि ती पाटी घेऊन आल्या. शेवटच्या भाषणाची, न झालेल्या. त्यामुळे न पुसलेली. खडूने तीन शब्द होते. किल्ली. विहीर. धुरा. आणि खाली चौथा, ज्यावरून कोणाची तरी बाही फिरली होती.

मी ते तीन शब्द पाहत बसलो. जाणाऱ्याची नीती. घर सोडून जाणाऱ्याने किल्ली कोणाच्या हाती द्यावी, विहीर कशी ठेवावी, शेताचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, कोणासमोर दाखवून जावा… एवढे मला जुळवता आले. पण ते माझे जुळवणे होते. त्यात शिट्टीपाशी थांबणारे कोणी नव्हते.

तेव्हा मला राहवले नाही आणि मी वहिनींना सगळे सांगितले. वाक्य, मासिक, फलक, वही. माझे संपल्यावर त्या म्हणाल्या, "आमाले ठाऊक हाय, मास्तर. तुमचं ते मासिक धक्क्यावर कोनी आनलं होतं. ते घरी घेऊन आले, मले वाचून दाखवलं, अना हासले."

मी विचारले, काही बोलला?

"मनाले, मास्तरले संधी भेटली."

मी कप खाली ठेवला. मग विचारले की वहिनी, तो हे मराठीत म्हणाला की हिंदीत? मी काय विचारतो आहे ते त्यांना कळले असावे, कारण उत्तर द्यायला त्यांनी जरा वेळ घेतला. म्हणाल्या, "आता ते मी कशी सांगू? गोंदियात कोन पाहून बोलते, मराठी हाय का हिंदी. हासले मात्र खरे."

पाटी त्यांनी मला दिली. म्हणाल्या, इथे राहिली तर कोणीतरी पुसेल.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी वाचनालयात कपाट उघडले आणि वही बाहेर काढली. त्याच्या प्रत्येक भाषणाची ती एकेक ओळ वाचून दाखवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तीच ओळ, तीच उपस्थिती. लोकांना आधी वाटले मी चुकून तेच पान वाचतो आहे. मग त्यांच्या ध्यानात आले. पुढच्या रांगेतला एक वकील मध्येच उठून गेला. मी फलकाविषयी सांगितले. त्यावरचे माझे नाव सभेच्या आदल्या दिवशीच खरवडून घेतले होते. तिथला रंग बाकी फलकाहून निराळा दिसतो आणि बी. ए. अजून जरासे वाचता येते. समितीचे म्हणणे होते की आता तिथे टेकचंदचे नाव घालू. मी म्हणालो, ते वाक्य त्याचे नाही, त्याच्या वाक्याचे मी जे केले ते आहे. त्याचे वाक्य घालायचे तर दोघे बसलेले, हिंदी आणि मराठी, सगळे घालावे लागेल, आणि तेवढी भिंत नाही. तेव्हा सध्या ते बिननावाचे आहे.

आता लोक येतात आणि आठवेल ते सांगतात. मी वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितो, ते बोलतात तसे, काहीही स्वच्छ न करता. फार थोडे जमले आहे. एका गाडीवानाला त्याच्या एका भाषणातले फक्त थांबणे आठवते, शब्द नाहीत. मी तेही लिहिले. हा मजकूर नागपूरला छापायला पाठवतो आहे तो यासाठी, की ज्या गावात ते वाक्य माझे म्हणून फिरले, तिथेही मी ते परत करावे.

त्या रविवारी शेवटी मी त्याचे मूळ वाक्य म्हणून दाखवले, जसे ऐकले होते तसे. 'संधी कराले दोघं बसते…' इथपर्यंत आलो आणि बाहेर इंजिनाने शिट्टी दिली. सत्तावीस वर्षे मी तिच्या वरताण ओरडत आलो. या वेळी थांबलो. पाटी टेबलाला टेकवलेली होती, तिच्यावर ते तीन शब्द. मागे पुन्हा सुपे आली होती, आणि त्या थांबण्यात मला ऐकू आले की एकही कात्री वाजत नाही. सगळ्या थांबल्या होत्या. त्या कोणासाठी थांबल्या आहेत हे मला ठाऊक होते. आणि तिथे उभा असताना, सगळे कबूल करून झाल्यावरसुद्धा, मला त्याचा हेवा वाटला.